फळीवरचा बाहुला आणि किल्ल्याची माती

आगमनकाळ सुरू झाला की आमच्या काही ख्रिस्ती घरांतून हल्ली एक नवा पाहुणा मुक्कामाला येऊ लागला आहे. तांबडा अंगरखा, टोकदार टोपी, काटकुळे हातपाय आणि तिरप्या नजरेचे हसू असलेला हा बाहुला 'एल्फ' या नावाने ओळखला जातो. पुण्यास वा पिंपरी-चिंचवडला नोकरीस असलेली सूनबाई तो घेऊन येते, परदेशातली मावशी पाठवून देते, किंवा मोबाइलवर मागणी नोंदवली की चार दिवसांत तो नारायणगावात अथवा मंचरला हजर होतो. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत कॅथलिक कुटुंबे थोडी आणि विखुरलेली. त्यांतल्या फार घरांत हा बाहुला पोहोचला आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु जेथे तो पोहोचला, तेथे तो लहानग्यांपुरता राहिलेला नाही. तेरा, चौदा, सोळा वर्षांच्या मुलामुलींसाठी रोज रात्री त्याचे नवनवे खोडकर देखावे मांडले जातात, आणि आमची तक्रार नेमकी येथे आहे.

या बाहुल्याचे कूळ आणि मूळ सांगायला हवे, कारण पुष्कळांना तो नाताळच्या फार जुन्या परंपरेतला वाटतो. तसे नाही. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात कॅरोल एबरसोल्ड आणि त्यांची कन्या चांडा बेल या दोघींनी २००५ साली लहान मुलांसाठी एक पुस्तक स्वतःच प्रसिद्ध केले आणि त्यासोबत हा बाहुला विकावयास ठेवला. 'एल्फ ऑन द शेल्फ', म्हणजे फळीवर बसलेला एल्फ, असे त्याचे नाव. २०१२ साली न्यूयॉर्कच्या मेसीज मिरवणुकीत त्याचा अजस्र फुगा तरंगला. म्हणजे ज्या परंपरेपुढे आपण मान तुकवू लागलो आहोत ती आपल्या घरातल्या थोरल्या मुलीच्या वयाची आहे! त्याहून जुने बुटके लोककथांत आहेतच. डेन्मार्क-नॉर्वेच्या शेतकऱ्यांच्या गोठ्यात 'निस्से' नावाचा एक ठेंगणा राखणदार असतो अशी समजूत होती, आणि नाताळच्या रात्री त्याच्यासाठी खिरीची वाटी ठेवण्याची रीत होती. आमच्याकडच्या पिंपळावरच्या मुंजाचा किंवा कोकणातल्या राखणदाराचा तो लांबचा भाऊबंद. त्या गोठ्यातल्या म्हाताऱ्याशी आमचे भांडण नाही. तो निदान गुरे तरी राखीत असे.

दुकानातल्या बाहुल्याचे काम निराळे आहे. खेळाचे नियम दोन. पहिला असा की दिवसभर तो फळीवर बसून घरातल्या मुलांचे वागणे पाहतो आणि रात्री उडून जाऊन नाताळबाबांपाशी चुगली करतो. सकाळी परत आला की घरात दुसऱ्याच जागी बसलेला सापडतो. दुसरा नियम असा की मुलांनी त्याला हात लावावयाचा नाही. लावला तर त्याची जादू जाते. कॅनडातील लॉरा पिंटो आणि सेलेना नेमोरिन या दोन अभ्यासकांनी २०१४ साली या बाहुल्यावर एक टीकालेख लिहिला. सतत कोणी तरी आपल्यावर पाळत ठेवून आहे ही गोष्ट मुलांना अगदी स्वाभाविक वाटू लागते, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांची पुष्कळांनी थट्टा केली. आम्हांला ती थट्टा करवत नाही.

अर्थात, चौदा वर्षांच्या मुलाला बाहुला उडत नाही हे ठाऊक असते. त्याच्यासाठी चुगलीचा भाग उरत नाही, उरते ती फक्त खोडी. म्हणून या वयाच्या मुलांसाठी देखावे अधिक चतुर करावे लागतात. ओट्यावर गव्हाचे पीठ पसरून त्यावर बाहुल्याच्या पावलांचे ठसे उमटवायचे. त्याला सुतळीवर लटकवून पंख्यापासून खिडकीपर्यंत घसरत न्यायचे. मोबाइलचा चार्जर लपवून त्याच्या हाती चिठ्ठी द्यायची. करंज्यांच्या डब्यात त्याला गळ्यापर्यंत पुरायचे. एका घरी आम्ही असा देखावा पाहिला की दिवाळीच्या किल्ल्यावरचा एक मातीचा मावळा आणि हा बाहुला समोरासमोर बसून पत्ते कुटीत आहेत. देखावा गमतीचा होता हे आम्ही कबूल करतो. परंतु त्या मावळ्याकडे पाहता पाहता आमच्या मनात जे आले, त्यातूनच हा लेख लिहिण्याची वेळ आली.

तो मावळा जेथून उचलला, तो किल्ला कोणी बांधला होता? त्याच मुलाने. शिवनेरीच्या पायथ्याच्या या मुलखात दिवाळीचा किल्ला काय असतो हे सांगण्याची गरज नाही. सहामाही परीक्षा संपल्याबरोबर पोरे बांधावरून तांबडी माती वाहून आणतात. दगड-विटांचा उतरता ढीग रचतात, त्यावर भिजवलेली पोती अंथरून चिखल लिंपतात, बुरूज उभे करतात, जिना पाडतात, पायथ्याला गुहा कोरून तीत वाघ बसवतात. हळीव नाही तर मोहरी पेरून, दोन वेळा हलक्या हाताने पाणी शिंपून, पाचव्या-सहाव्या दिवशी डोंगर हिरवा करतात. लहान भावंडे पाणी आणतात, शेजारची मुले भांडतात, कोणी तरी शिवाजी महाराजांची मूर्ती सिंहासनावर नीट बसते की नाही ते लांब जाऊन डोळे बारीक करून पाहतो. आणि या सगळ्याचा मुकादम कोण? घरातला तोच तेरा-चौदा वर्षांचा मुलगा, तीच आठवीतली मुलगी. आईबापांचे काम फक्त एवढेच की अंगणात चिखल झाला म्हणून ओरडायचे. आमच्या ख्रिस्ती घरांतली मुलेही शेजाऱ्यांच्या मुलांबरोबर हा किल्ला करतात, आणि करावाच.

आता त्याच घरातला डिसेंबर पाहा. रात्रीचे अकरा वाजले आहेत. आई दिवसभर शाळेत शिकवून किंवा दवाखान्यात पाळी करून आली आहे. स्वयंपाक, धुणीभांडी आटोपून ती आता मोबाइलवर उद्याच्या देखाव्याची युक्ती शोधीत आहे. कालची आणि परवाची वापरून झाली. मुलगा झोपला आहे. सकाळी तो उठेल, हसेल, एक छायाचित्र काढील, मित्रांना पाठवील, आणि दात घासून होईपर्यंत सगळे विसरेल. मग पीठ कोण झाडणार? तीच. चोवीस रात्री असे चालते. ज्या मुलाने महिन्यापूर्वी अख्खा डोंगर उभा केला, त्याला आम्ही नाताळात प्रेक्षक करून बसवले आहे. दिवाळीत तो घरच्या सणाचा कर्ता असतो, आणि आपल्या प्रभूच्या जन्माच्या सणात मात्र पाहुणा. हे आम्हांला सोसत नाही.

याच वयाच्या सुमारास आमच्या मुलांना दृढीकरणाचा संस्कार मिळतो. ख्रिस्तसभा त्यांना सांगते की आता तुम्ही साक्षीदार झालात, विश्वासाचा भार खांद्यावर घेण्याइतके मोठे झालात. कुटुंब ही चिमुकली ख्रिस्तसभा आहे असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ सालच्या आपल्या दस्तऐवजात म्हटले. त्या चिमुकल्या ख्रिस्तसभेत दृढीकरण झालेल्या मुलाला आम्ही काय काम देतो? पिठातली पावले पाहून हसण्याचे!

आमचे काही स्नेही म्हणतात, तुम्ही उगीच गंभीर होता. मोबाइलमध्ये डोके खुपसून बसलेले पोर त्या निमित्ताने घटकाभर आमच्याकडे पाहून हसते, तेवढेच आम्हांला पुष्कळ आहे. हे म्हणणे आम्ही हलक्यावारी उडवून लावीत नाही. वाढत्या वयाच्या मुलाशी बोलण्याचा धागा सापडेनासा होतो, तेव्हा आईबाप कोणत्याही दोरीला धरतात. त्या धडपडीमागे प्रेम आहे हे न दिसण्याइतके आम्ही आंधळे नाही. पण त्या माउलीला आम्ही विचारतो की किल्ला बांधताना तो मुलगा मोबाइलकडे किती वेळा पाहत होता? त्याचे हात चिखलाने भरलेले होते.

ख्रिस्तजन्माचा देखावा मुळात कसा सुरू झाला ते आठवावे. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो या डोंगरी गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने नाताळच्या रात्री गव्हाणी मांडली. पंधरा दिवस आधी त्याने जॉन नावाच्या एका गावकऱ्याला निरोप धाडला आणि तयारी करावयास सांगितले. गवत आणले, बैल आणि गाढव आणले, भोवतालच्या वस्त्यांतून माणसे दिवट्या घेऊन आली, आणि गव्हाणीवरच मिस्सा अर्पण झाली. तेथे पुतळे नव्हते. जे आले तेच त्या देखाव्यात होते. प्रेक्षकांसाठी वेगळी जागा राखलेली नव्हती. पुढे १ डिसेंबर २०१९ रोजी परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनी त्याच ग्रेच्चो गावी जाऊन गव्हाणीच्या देखाव्यावर एका प्रेषितीय पत्रावर सही केली. त्यात त्यांनी आवर्जून लिहिले की मुले आणि मोठीही शुभवर्तमानाशी वरवर संबंध नसलेल्या कितीतरी आकृत्या देखाव्यात आणून ठेवतात, लोहार, पाववाला, वाजंत्री, पाणी वाहणाऱ्या बाया, आणि ते योग्यच आहे. रोजच्या जगण्यातले सारे काही त्या बाळाच्या भोवती येऊन बसते. हे पत्र आमच्या प्रत्येक घरात वाचले जावे अशी आमची इच्छा आहे.

मग जुन्नर-आंबेगावच्या मुलांनी त्यात काय मांडावे? येथे आम्हांला बोलू द्यावे, कारण या दोन तालुक्यांइतका गव्हाणीला साजेसा मुलूख आम्हांला दुसरा दिसत नाही. येशूचा जन्म गुहेत झाला असे दुसऱ्या शतकातल्या संत जस्टिनने लिहून ठेवले आहे. गुहा आमच्या मुलांना शोधायला जावे लागत नाही; लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरीचा कडा, जुन्नरच्या भोवतालचा खडक ठायी ठायी कोरलेला आहे. किल्ल्याची माती अंगणात पडलेलीच आहे. पश्चिमेकडे भीमाशंकरच्या बाजूला भाताचा पेंढा मिळतो, पूर्वेकडे उसाचे पाचट. गव्हाणी हवी? नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट असतात. त्यांतला एक फुटका क्रेट कोणीही फुकट देईल.

मेंढपाळ तर बांधावर उभे आहेत. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे कुकडी, मीना, घोड यांच्या काठांनी फिरू लागतात. पीक निघालेल्या रानात रात्री मेंढ्या बसवल्या की लेंडीखत मिळते, म्हणून शेतकरी त्यांना बोलावतात. घोड्यावर संसार, टोपल्यात कोंबड्या, करड्या घोंगडीत गुंडाळलेले तान्हे मूल. डिसेंबरच्या थंडीत, बिबट्याच्या भीतीने, ते कुत्र्यांना घेऊन रात्रभर जागे असतात. संत लूकने ज्यांच्याविषयी लिहिले ते असेच, उघड्या माळावर कळप राखीत जागणारे लोक होते. आमच्या मुलांनी चिकणमातीचे मेंढपाळ करण्यापूर्वी त्या वाड्यावर जावे, कोकरू हाती घेऊन पाहावे, आजोबांना विचारावे की बाबा, रात्री झोप येते का. चोवीस बाहुल्या-देखाव्यांत शिकता येणार नाही एवढे ते एका संध्याकाळी शिकतील.

आणि कोप्या. विघ्नहर आणि भीमाशंकर या साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की बीड आणि अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे फडात जायचे, मागे पोरे कोपीत. त्या कोप्यांत दर हंगामात बाया बाळंत होतात, कारण उचल घेतली आहे, कोयता मोडता येत नाही, आणि दिवस भरले म्हणून मुकादम थांबत नाही. परगावी जाण्याची सक्ती, जागेची वानवा, तान्ह्याला ठेवायला जे हाताशी असेल ते, हे सारे येथे आमच्या रस्त्याच्या कडेला घडते आहे, आणि आमच्या घरात त्याच वेळी गमतीखातर पीठ जमिनीवर पसरलेले आहे. त्या पिठाच्या दोन भाकऱ्या झाल्या असत्या. अन्न पायदळी तुडवू नये ही शिकवण आम्हांला कोणा धर्मपंडिताने दिलेली नाही. आमच्या आज्यांनी दिली, आणि त्यांत हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असा भेद नव्हता.

त्याच फडात ऊस तोडता तोडता बिबट्याचे बछडे सापडतात. वनखात्याची माणसे येऊन ते बछडे तपासतात, क्रेटमध्ये घालून सापडले त्याच जागी ठेवतात, आणि रात्री आई येऊन त्यांना तोंडात धरून घेऊन जाते. ज्या गावात माणसाला आणि बिबट्याला एकमेकांचे भय आहे, तेथे हे घडते. एखाद्या मुलीने आपल्या गव्हाणीच्या कडेला असे बछड्यांचे क्रेट मांडले, तर यशया संदेष्ट्याने हिंस्र पशू आणि कोकरू यांच्याविषयी पाहिलेले स्वप्न तिला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडले ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, हेही थोरल्या मुलांना ठाऊक असावे. आरशाचा तुकडा ठेवून त्याचा जलाशय करता येतो.

पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक राहिले. ते ताऱ्यांचे अभ्यासक होते. आमच्या खोडदला डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. १४ एका जागी दाटीने आणि उरलेल्या १६ तीन दिशांना कित्येक किलोमीटर पसरलेल्या. चहाच्या गाळण्यांच्या तबकड्या करून त्या गव्हाणीमागच्या टेकडीवर उभ्या करणे हे सहावीतल्या मुलाचे काम नव्हे, दहावीतल्याचे आहे. तारा कोणता होता, तो ग्रहांची युती होती की धूमकेतू, यावर त्याने बापाशी वाद घालावा. तो वाद नाताळच्या जेवणापर्यंत चालावा.

खोडीचे काय, असा प्रश्न उरतोच, कारण या वयाला खोडी लागते. ती गव्हाणीत करता येत नाही असे कोणी सांगितले? नेपल्सच्या देखाव्यांत खानावळवाले, मासेविके, पत्ते खेळणारे रिकामटेकडे अशी सारी बाजारगर्दी असते. स्पेनमधल्या कॅटलोनिया प्रांतात तर गव्हाणीच्या एका कोपऱ्यात, झुडपाआड, टोपी घातलेला एक शेतकरी खुशाल विधीला बसलेला असतो, आणि घरातली मुले आधी त्यालाच शोधतात. (आमच्या हागणदारीमुक्त गावांना तो चालेल की नाही ते ग्रामपंचायतीने ठरवावे.) नारायणगाव ही तमाशाची पंढरी. ढोलकीवाल्याला मेंढपाळांच्या मागे उभे करा, आणि उशिरा उठणाऱ्या काकांची हुबेहूब आकृती करून देवदूतासमोर घोरत ठेवा. फरक इतकाच की ही खोडी मुले मोठ्यांची काढतील. बाहुल्याच्या खेळात आम्ही मोठे त्यांची काढीत असतो.

शेवटी स्पर्शाविषयी. बाहुल्याला हात लावायचा नाही, हा त्या खेळाचा कणा आहे. आमच्याकडे नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर बाळ येशूच्या मूर्तीचे चुंबन घेण्यासाठी रांग लागते. शेतात राबून भेगा पडलेले हात, पाळण्यातून उचललेले मूल, लंगडत आलेली आजी, सगळे वाकतात आणि स्पर्श करतात. ज्याला हात लावला की जादू जाते असे दैवत आम्हांला नको आहे. आमचा देव हात लावू देण्यासाठीच आला, तोही कोणाची चुगली करण्यास नव्हे. संत निकोलस, ज्यांच्या नावाने हा सारा बाजार भरतो, त्यांची कथा सांगते की त्यांनी तीन गरीब बहिणींच्या घरात रात्री चोरून पैसे टाकले. कोणी पाहू नये म्हणून ते अंधारात गेले. त्यांनी मुलींची वागणूक तपासली नव्हती.

तेव्हा आमचे मागणे व्यवहाराचे आहे. दिवाळीचा किल्ला तुळशीच्या लग्नानंतर मोडू नये. आगमनकाळाचा पहिला रविवार ३० नोव्हेंबरच्या आगेमागे येतो. तोवर माती झाकून ठेवावी आणि त्या रविवारी घरातल्या थोरल्या मुलामुलींच्या हाती सोपवावी. नाचणी किंवा गहू १२-१३ डिसेंबरला पेरला की नाताळपर्यंत बोटभर हिरवे होते. आईबापांनी सल्ला द्यावा, तोही विचारल्यावर. देखावा वाकडा झाला तरी तो रात्री उठून सरळ करू नये. आणि ज्यांनी बाहुला आधीच विकत घेतला आहे त्यांनी तो फेकण्याचे कारण नाही. त्यालाही गव्हाणीच्या गर्दीत कोठे तरी, टोमॅटोच्या हमालाशेजारी म्हणा, बसवावे, आणि घरातल्या सगळ्यात धाकट्याला त्याला मनसोक्त हाताळू द्यावे.

बाळाची मूर्ती मात्र आधी मांडू नये. क्रेट पाचट घालून रिकामा ठेवावा. मूर्ती थोरल्या मुलीकडे द्यावी. ती तिने आपल्या कपड्यांच्या घडीत जपावी, आणि मिस्सेहून परत आल्यावर, किंवा चर्च लांब असेल आणि जाणे झाले नाही तर घरच्या प्रार्थनेनंतर, सगळ्यांच्या देखत तिनेच ती पाचटावर ठेवावी. धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंना आमची विनंती आहे की त्यांनी या वर्षी घरोघरच्या गव्हाणी पाहायला यावे. बक्षिसे नकोत. चहा आम्ही देऊ.